स्वस्त आणि चांगली रायफल कोणती?

एनसीसीच्या पहिल्या नेमबाजीनंतर मुलामुलींच्या मनात हमखास एक प्रश्न येतो : आपली स्वतःची रायफल असली तर? मग पुढचे प्रश्न ओघानेच येतात. परवडेल अशी कोणती? तीच रायफल स्पर्धेतही चालेल आणि रानात हरणाच्या शिकारीलाही चालेल का? परदेशी पुस्तकांत आणि चित्रपटांत हे दोन्ही उपयोग एकाच बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीला जोडलेले दिसतात, म्हणून हा प्रश्न स्वाभाविक आहे. जळगाव-धुळ्याकडच्या शाळेत तो आणखी सहज निघतो. उत्तरेला सातपुड्याचे रान आहे आणि भुसावळजवळ वरणगावला लष्करासाठी काडतुसे बनवणारा कारखाना आहे.

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. त्याचे उत्तर देताना न्यूटनचे नियम, प्रक्षेप्याची गती, भोवऱ्याचा तोल, ध्वनीचा वेग आणि डोळ्याची मर्यादा एवढा सगळा अभ्यासक्रम उलगडतो. शिवाय ‘कोणती वस्तू चांगली?’ असे विचारण्याआधी ‘कशासाठी चांगली?’ असे विचारायचे असते, ही विज्ञानातली साधी सवयही त्यातून लागते.

बोल्ट म्हणजे कडी

‘बोल्ट-अ‍ॅक्शन’ या नावाचे गूढ दाराच्या कडीकडे पाहिले की सुटते. दाराच्या लोखंडी कडीचा दांडा आपण पुढे सरकवतो आणि मूठ खाली वळवतो. दार मग बाहेरून कितीही ढकलले तरी उघडत नाही. रायफलीत हेच घडते. बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते. बोल्ट पुढे ढकलला की नवे काडतूस नळीच्या मागच्या कप्प्यात बसते. मूठ खाली वळवली की बोल्टवरचा उंचवटा खाचेत अडकतो आणि मागची बाजू पक्की बंद होते.

ही कडी किती भक्कम लागते? .२२ इंच व्यासाच्या साध्या काडतुसात दारू पेटली की वायूंचा दाब क्षणभर वातावरणाच्या सुमारे १६०० पट होतो, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सुमारे १६५ न्यूटन बल. काडतुसाच्या बुडाचे क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस मिलिमीटर धरले, तर बोल्टवर ४००० न्यूटनहून अधिक बल येते. ते ४०० किलो वजनाइतके झाले. हरणाच्या शिकारीसाठी वापरल्या जाणाऱ्या काडतुसात दाब याच्या दुपटीहून अधिक असतो आणि बूडही मोठे असते. जुनी, झिजलेली किंवा गावठी बनावटीची बंदूक आधी तिच्या मालकाच्याच जिवावर का उठते, हे या आकड्यांवरून कळते.

नेमबाजांना बोल्ट-अ‍ॅक्शन आवडण्याचे कारण मात्र वेगळे आहे. गोळी नळीतून जात असताना या रायफलीतला कोणताही मोठा भाग हलत नाही. अर्धस्वयंचलित बंदुकीत यंत्रणा मागेपुढे धावते. इथे सारे स्थिर असते, त्यामुळे प्रत्येक गोळीला सारखीच वागणूक मिळते. नेमबाजीत ‘सारखेपणा’ हाच सर्वांत मोठा गुण आहे. पुढे हा शब्द पुन्हा पुन्हा येणार आहे.

नळीतले आटे

रायफलीची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात स्क्रूच्या आट्यांसारखे, पण फार लांब पल्ल्याचे आटे कोरलेले असतात. त्यांतून जाताना गोळी स्वतःभोवती फिरू लागते. फिरणारा भोवरा उभा राहतो आणि थांबलेला आडवा पडतो, त्याच न्यायाने फिरणारी गोळी हवेत कोलांट्या न खाता टोक पुढे ठेवून जाते.

.२२ च्या नळीत साधारणपणे १६ इंचांत, म्हणजे सुमारे ४०.६ सेंटिमीटरमध्ये, आट्याचा एक वेढा पूर्ण होतो. गोळी सेकंदाला ३३० मीटर वेगाने बाहेर पडत असेल, तर ३३० भागिले ०.४०६, म्हणजे सेकंदाला सुमारे ८१० फेरे. हा गुणाकार-भागाकार आठवीच्या वर्गातही करता येतो. उत्तर ऐकून वर्ग थक्क होतो.

पण वेढा १६ इंचांचाच का? इंग्लंडमधील वुलिच येथील गणितज्ञ जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपे सूत्र दिले. गोळीच्या व्यासाचा वर्ग करावा, त्याला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे. सर्व मापे इंचांत घ्यावीत. .२२ ची गोळी सुमारे ०.४५ इंच लांब असते. म्हणून १५० × ०.२२ × ०.२२ ÷ ०.४५ = सुमारे १६. सूत्र शिशाच्या गोळीसाठी आहे आणि ढोबळ आहे, तरी उत्तर नेमके जुळते. लांब गोळीला अधिक फिरकी लागते, हेही त्यातून दिसते. म्हणजे नळी आणि गोळी यांची जोडी जमावी लागते. महाग काडतूस म्हणजे आपोआप चांगले काडतूस, असे नाही.

गोळी सरळ जात नाही

गोळी सरळ रेषेत जाते, हा सार्वत्रिक समज आहे. टेबलाच्या कडेवरून एक नाणे टिचकीने उडवा आणि त्याच क्षणी दुसरे नुसते खाली सोडा. दोन्हींचा जमिनीवर पडल्याचा आवाज एकदमच येतो. आडवा वेग कितीही असो, खाली पडणे सर्वांना सारखेच.

.२२ च्या गोळीला ५० मीटर जायला सुमारे ०.१५६ सेकंद लागतात. खाली पडण्याचे अंतर = ½ × ९.८ × ०.१५६ × ०.१५६ = सुमारे ०.१२ मीटर, म्हणजे १२ सेंटिमीटर. १० मीटरवरच्या एअर रायफलीचा छर्रा सेकंदाला सुमारे १७५ मीटर वेगाने निघतो आणि पावणेदोन सेंटिमीटर खाली येतो. म्हणून नळी नेहमी किंचित वर रोखलेली असते. मागचा दर्शक वर-खाली करून हे साधले जाते. अंतर बदलले की दर्शकाची मांडणीही बदलते.

वाऱ्याचेही असेच आहे. ताशी १० किलोमीटरच्या आडव्या वाऱ्यात .२२ ची गोळी ५० मीटरवर सुमारे दीड सेंटिमीटर बाजूला सरकते. ५० मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. म्हणजे उन्हाळ्यातली साधी झुळूकही दहाचे नऊ करते.

यावर ‘मग जास्त वेगाचे काडतूस घेऊ’ असे उत्तर कुणीही देईल. पण इथे निसर्ग चकवा देतो. ध्वनीपेक्षा वेगाने निघालेल्या .२२ च्या गोळीला हवेचा विरोध एकदम वाढतो. ती वेग झपाट्याने गमावते आणि वाऱ्याने उलट अधिक सरकते. म्हणून स्पर्धेची .२२ काडतुसे मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी, सेकंदाला ३२० ते ३३० मीटर वेगाची बनवतात. ध्वनीचा हवेतील वेग तापमानाप्रमाणे बदलतो. १० अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर जळगावच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांना सुमारे ३५८ मीटर असतो. स्पर्धेची गोळी दोन्ही ऋतूंत त्याच्या खालीच राहते.

दोन कामे, दोन वाटा

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकच रायफल लक्ष्यभेदाला आणि हरणाला चालेल का? गतिज ऊर्जा (½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग) काढून पाहू.

एअर रायफल : छर्रा ०.५३ ग्रॅम, वेग १७५ मीटर; ऊर्जा सुमारे ८ ज्यूल.
.२२ रायफल : गोळी २.६ ग्रॅम, वेग ३३० मीटर. ऊर्जा सुमारे १४० ज्यूल.
.३०-०६ शिकारी रायफल : गोळी ११.७ ग्रॅम, वेग ८२० मीटर. ऊर्जा सुमारे ३९०० ज्यूल.

कागदाला भोक पाडायला ८ ज्यूलही पुष्कळ होतात. प्राण्याचे तसे नाही. इंग्लंडमध्ये हरणांची शिकार कायदेशीर आहे. तेथील १९९१ च्या कायद्याने, काही लहान जाती वगळता, हरणासाठी रायफलीच्या नळीचा व्यास किमान .२४० इंच आणि गोळीची ऊर्जा किमान १७०० फूट-पौंड, म्हणजे सुमारे २३०० ज्यूल, अशी अट घातली आहे. कारण उघड आहे. कमी ऊर्जेच्या गोळीने जनावर मरत नाही. ते जखमी होऊन रानात शिरते आणि कित्येक दिवस तडफडते. .२२ ची गोळी या अटीच्या सोळाव्या हिश्श्याएवढीही भरत नाही.

उलट शिकारी रायफल रोजच्या सरावाला निरुपयोगी. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार गोळी जेवढा संवेग पुढे नेते, तेवढा रायफल मागे आणते. .२२ च्या गोळीचा संवेग ०.८६ किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद आहे, म्हणजे ५ किलोची रायफल सेकंदाला जेमतेम १७ सेंटिमीटर वेगाने मागे येते. .३०-०६ च्या गोळीचा संवेग ९.६ आहे. साडेतीन किलोची रायफल सेकंदाला पावणेतीन मीटर वेगाने खांद्यावर आदळते. बाहेर पडणाऱ्या वायूंचा धक्का धरला तर त्याहूनही अधिक. असे पन्नास धक्के खाल्ल्यावर कोणीही डोळे मिटून चाप ओढू लागेल. शिवाय रानात वाहून न्यायची म्हणून शिकारी रायफल हलकी असते. स्पर्धेची मुद्दाम जड ठेवतात. पुरुषांच्या ५० मीटर स्पर्धेत तिला ८ किलोपर्यंत मुभा आहे. हृदयाच्या ठोक्याने हलकी वस्तू जास्त हलते, जड वस्तू कमी.

तात्पर्य, दोन्ही कामे साधणारी रायफल दोन्हीकडे अपुरी पडते. ‘स्वस्तात दोन्ही’ हा हिशेब मुळातच चुकतो.

खानदेशचे रान

आपल्या देशात या दोन वाटांपैकी एक वाट बंद आहे. तिच्यामागे इतिहास आहे.

१८२५ मध्ये जेम्स ऑट्रम याने खानदेशात भिल्लांची पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावला होते. १८२५ ते १८३४ या काळात एकूण १९१ वाघ मारले गेले तेव्हा तो स्वतः हजर होता, अशी नोंद त्याच्या चरित्रात आहे. तेव्हा बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल नव्हती. नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या बंदुका होत्या. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झटपट भरणाऱ्या, दूरवर मारणाऱ्या रायफली आल्या आणि भारतभर शिकारीचा वेग वाढला. खानदेशच्या सपाटीवर आज वाघ नाही, हे वेगळे सांगायला नको.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने देण्याची तरतूदच काढून टाकली. आज जळगाव जिल्ह्यातील यावल अभयारण्यात (स्थापना १९६९) किंवा शिरपूर तालुक्यातील अनेर धरण अभयारण्यातच नव्हे, तर शेताच्या बांधावरही हरीण मारणे गुन्हा आहे. चिंकारा आणि काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद होऊ शकते. बंदूक परवान्याची असो वा नसो, एअर गन असो वा फासे, गुन्हा तोच. नीलगाय किंवा रानडुक्कर पिकात शिरले, तरी मार्ग वनखात्याकडे अर्ज करण्याचा आहे. अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून बंदूक उचलता येत नाही.

जाता जाता जीवशास्त्राची एक नोंद. आपण सर्वांनाच ‘हरीण’ म्हणतो, पण सांबर आणि चितळ यांची फांद्या फुटलेली शिंगे दरवर्षी गळतात आणि नवी येतात. चिंकारा व काळवीट यांची शिंगे पोकळ असून ती आयुष्यभर वाढतात. हे दुसऱ्या कुळातले, म्हणजे गाय-शेळीच्या जवळचे प्राणी. नीलगायही त्यांच्यातलीच.

.३१५ हा आकडा कुठून आला?

शेतकऱ्याच्या घरी स्वसंरक्षणाच्या परवान्यावर क्वचित एखादी रायफल असते. ती बहुधा .३१५ ची असते. ती का? ब्रिटिश सरकारला लष्कराचे .३०३ काडतूस सामान्य लोकांच्या हाती नको होते. म्हणून भारतात लष्करी नसलेले वेगळे काडतूस खाजगी वापरासाठी रूढ झाले. ते मूळचे ऑस्ट्रियातील ८ मिलिमीटरचे, म्हणजे .३१५ इंचांचे. स्वातंत्र्यानंतरही लष्करी काडतुसे नागरिकांना बंदच राहिली. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ ची रायफल बनत राहिली. वरणगावचा कारखाना ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची काडतुसे बनवतो. ती लष्करासाठी आहेत, बाजारासाठी नाहीत. २०२१ मध्ये तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे गेला.

मग काय निवडावे?

उरते ती लक्ष्यभेदाची वाट, आणि ती शिकारीच्या वाटेपेक्षा स्वस्त आहे.

पहिली पायरी १० मीटर एअर रायफल. ०.१७७ इंच व्यासाच्या आणि २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. भारतीय बनावटीची रायफल आयात केलेल्या रायफलीच्या किमतीच्या लहानशा हिश्श्यात मिळते. जागा १० मीटरची पुरते. छर्रे स्वस्त, धक्का नगण्य. दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे खेळ सोपा मात्र नाही. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळवले ते याच प्रकारात.

दुसरी पायरी .२२ बोल्ट-अ‍ॅक्शन. ती विकत घेण्याआधी एनसीसीत किंवा रायफल क्लबात वापरावी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यासाठी वय २१ पूर्ण लागते आणि अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. त्याआधीच्या वयात प्रशिक्षण घेता येते, पण देखरेखीखालीच.

रायफल हाती घेतल्यावर काय पाहावे? दस्ता आपल्या हाताच्या लांबीला जुळतो का? तेरा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाची रायफल लांब पडते आणि ती मान ताणून नेम धरते. चाप दर वेळी सारख्याच ताकदीला सुटतो का? बोल्ट बंद केल्यावर डगमगत नाही ना? नळीच्या तोंडाची कड एकसारखी आहे का? गोळी सुटताना नळीचा शेवटचा स्पर्श याच कडेला होतो, तिथे चीर असेल तर वायू एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. या चार गोष्टी बऱ्या असतील, तर जुनी .२२ ही उत्तम. शिशाच्या मऊ गोळीने नळी फारशी झिजत नाही. उरलेले पैसे काडतुसांवर आणि सरावावर खर्चावेत. एकाच खेपेची काडतुसे घ्यावीत, म्हणजे पुन्हा तोच सारखेपणा.

दुर्बिणीची घाई करू नये. ५० मीटरवरचे दहाचे वर्तुळ डोळ्याशी सुमारे ०.७ मिनिटाचा कोन करते, आणि निरोगी डोळ्याची मर्यादा सुमारे एक मिनिटाची आहे. म्हणजे नेमबाजाला ते वर्तुळ दिसतच नाही! तो पाहतो ११२.४ मिलिमीटरचा काळा गोल, आणि त्याला पुढच्या दर्शकाच्या कड्यात बरोबर मध्यभागी धरतो. वर्तुळात वर्तुळ समकेंद्री बसवण्यात आपला डोळा फार तरबेज असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे आणि तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला हाच नेमबाज १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकला, तो अशाच कड्यांच्या दर्शकातून नेम धरून. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवले होते.

आणि एक सावधगिरी. .२२ ला ‘लहान’ म्हणण्याची चूक करू नये. तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. शिकारी रायफलीची गोळी तीन किलोमीटरच्या पलीकडे. कपाशीच्या मोकळ्या शेतात उडवलेल्या गोळीच्या वाटेत कोण निंदणी करत असेल, हे नेम धरणाऱ्याला दिसत नाही. म्हणून सराव फक्त मातीचा उंच बांध असलेल्या मैदानातच. रायफल भरलेलीच आहे असे समजून वागावे, आणि नळी कोणाकडेही रोखू नये. हा नियम एनसीसीत पहिल्या दिवशी शिकवतात. तो शेवटच्या दिवसापर्यंत लागू असतो.

वर्गात करून पाहा

रायफलीवाचूनही नेमबाजीचे गणित शिकवता येते. जमिनीवर कोरा कागद, त्यावर कार्बन पेपर आणि वर आणखी एक कागद ठेवा. वरच्या कागदावर फुली काढा. उभे राहून छातीच्या उंचीवरून एक गोटी त्या फुलीवर दहा वेळा सोडा. खालच्या कागदावर दहा ठिपके उमटतील. प्रत्येक ठिपक्याचे फुलीपासूनचे उजवे-डावे आणि पुढचे-मागचे अंतर मोजून सरासरी काढा. हा सरासरी बिंदू फुलीपासून किती दूर आहे, ते एक माप. ठिपके एकमेकांपासून किती पसरले आहेत, ते दुसरे. एनसीसीत याच दुसऱ्या मापाला ‘ग्रुपिंग’ म्हणतात.

ठिपके दाट आहेत पण फुलीपासून दूर, तर दोष दर्शकाचा. तो एक स्क्रू फिरवून जातो. ठिपके विखुरलेले असतील, तर सरासरी फुलीवर आली तरी उपयोग नाही. तो दोष हाताचा, श्वासाचा, सवयीचा, आणि तो महागड्या रायफलीने जात नाही. दोन वेगवेगळ्या मुलांचे कागद शेजारी लावा आणि कोणाला दर्शक बदलायला सांगायचे व कोणाला सराव करायला, हे वर्गालाच ठरवू द्या.